मातीवरची सरस्वती

मी उर्दूची दुसरी पास. पुढं शिकलो न्हाई, आन् त्याची लाजबी कधी वाटली न्हाई. बाळबोध अक्षरं मामानं शिकवली. निजामाच्या सरकारी मदरशात सारं उर्दूत. पोरं मुक्यावानी बसायची. म्हणून वाटूरच्या अलीकडच्या आमच्या गावानं मला मारुतीच्या देवळात मराठी शिकवायला बसवलं.

देवळातबी पोरं पेंगायचीच. एक दिवस एक पोरगं 'भ' काढताना रडकुंडीला आलं. त्यालाच मी सकाळी ढेकळांतून टिटवीची अंडी हुडकताना पाह्यलं होतं. मंग साऱ्यांना उठवलं आन् माझ्या रानात लिंबाखाली नेलं. अक्षरं मातीत बोटानं काढायची, हिशेब कापसाच्या बोंडांवर. पाट्या घरी ठेवा म्हणलो. कुणाची फुटली, कुणाची हरवली. माझी लेकबी त्या पोरांत होती, सगळ्यांत धीट.

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून पुजायची रीत. बाया फुलं घेऊन रानात आल्या.

"गुर्जी, पाट्या कुठंयत?"

"पाटी कशाला? ही काय भुई." लिंबाखाली सारवून मी हातभर सरस्वती काढून ठेवली होती.

पुढची बाई थबकली. "आन् उद्या बैल हिच्यावरून जातेल तवा?"

"पाटी तरी थुंकी लावूनच पुसतेत की तुमची लेकरं!"

दोघी-तिघी हसल्या. ती न्हाई हसली. "पुसणं येगळं, तुडवणं येगळं. सरस्वतीवर पाय पडला तर लेकरांची वाचा जाईल. मदरशात मुकी बसली तेवढं बास झालं, गुर्जी."

"पुजायची तर हितंच पुजा," मी म्हणलो. आजबी तेच म्हणीन. बाया फुलं घेऊन तशाच माघारी गेल्या.

घरी बायको म्हणली, "अवो, एवढं एक ऐका. चार पाट्या आणा, पूजा होऊ द्या. मंग शिकवा कुठंबी."

"बिलकुल न्हाई."

"मंग आपली पोरगीबी घरीच ऱ्हाईल."

दिवाळीनंतर आष्टीकडचे एक पंतोजी देवळात बसले. सारी पोरं तिकडं गेली, पाटी घेऊन माझी लेकबी गेली. मी रोज लिंबाखाली जाऊन बसायचो. देवळातली घोकंपट्टी वाऱ्यावर तिथवर यायची. त्यातला तिचा आवाज मला बराबर कळायचा.

तूर फुलली तवा एका सकाळी तिला वाटंत गाठलं. "चल गं, फुलावर भुंगे आलेत, दाखवतो."

तिनं पाटी छातीशी धरली. "न्हाई बा. रानात गेलं की देवळातले गुर्जी मारतेत."

"तुला कुणी सांगितलं?"

तिनं एक हात पाठीमागं नेला. मी तिचा हात उघडून पाह्यला. तळहातावर छडीचे वळ होते. म्हणजे मला न सांगता ती एकटीच रानात जाऊन आल्ती.

"उशीर होईल, चल," म्हणलो, आन् देवळाच्या पायरीपर्यंत तिला मीच सोडून आलो.