थाक लागतो

माझे रिपोर्ट चांगले आले तेव्हा बाबांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. गाठी गेल्या, केमो संपली, डोक्यावर बोटभर केस आले. आता थकायला मला कारणच उरलं नाही. मी वीस वर्षांची होते आणि दात घासून आले की पुन्हा पलंगावर टेकत होते. लवकर उठायचा मला पहिल्यापासून कंटाळा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास, असं आई गमतीने म्हणायची. पण हा कंटाळा नव्हता.

दुपारी आडवी झाले की झोप लागायची असं नाही. मी नुसती खाली खाली जायचे. पंखा, कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची 'तुवेर, पापडी' अशी हाक, सगळं पाण्याखालून यायचं. एकदा मी उठले, तयार झाले, बसने डभोईला मावशीकडे गेले, तिच्या ओट्यावर बसून चहासुद्धा प्यायले. डोळे उघडले तर भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि त्या न केलेल्या प्रवासानेही दमलेली. आधी हसू आलं, मग रडू.

आमच्या घरात दमायचं तर आधी काहीतरी केलेलं असावं लागतं. 'काय केलंस म्हणून दमलीस?' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आजारपणानंतर बाबांनी ते विचारणं सोडलं, आणि ते जास्त वाईट होतं. मी पडलेली दिसले की त्यांचा चेहरा उतरायचा. दुखणं उलटलं तर नाही ना, हे ते बोलत नसत, पण मला ऐकू यायचं. म्हणून ते ऑफिसातून यायच्या वेळी मी उठून पावडर लावायचे, पुस्तक उघडून बसायचे. 'चलायचं ना फिरायला?' म्हणाले की चप्पल घालायचे. बागेपर्यंत जाऊन आलं की जेवताना घास उचलवत नसे. डॉक्टरांसमोरही बाबा शेजारीच, त्यामुळे 'कसं वाटतंय?' याला माझं ठरलेलं उत्तर, 'मस्त.' थापा मारण्यात मी अगदी तरबेज झाले होते.

एका दुपारी समोरच्या घरातल्या गुजराती आजी, ज्यांना सगळे बा म्हणतात, कढी घेऊन आल्या. मी कसंबसं दार उघडलं आणि तिथेच, चपलांच्या शेजारी, खाली बसले. भांडं बाजूला ठेवून बासुद्धा माझ्याजवळ टेकल्या.

"थाक लाग्यो, दीकरा?"

हे शब्द मी बडोद्यात जन्मभर ऐकलेत. त्या दिवशी मात्र ते मला नव्याने कळले. मराठीत आपण दमतो, म्हणजे करणारे आपणच. गुजरातीत थाक लागतो, तहान लागावी तसा. त्यात माझा काही गुन्हा नव्हता.

"हा बा, बहु लाग्यो," मी म्हणाले आणि त्यांच्या साडीत तोंड खुपसून मनसोक्त रडले. कढी पार निवली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी बाबांकडे न बघता सांगितलं, "मला थाक लागतो. काही न करता लागतो. झोपून उठले तरी असतोच."

बाबा खुर्चीत ताठ झाले. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं आणि शांतपणे ऐकून घेतलं. तुझ्या वयाच्या कितीतरी मुलांना हे होतं, म्हणाले, उपचार संपल्यावरही महिनोन् महिने राहतं. रक्त तपासून घेऊ, पण दुखणं परतल्याची काही खूण दिसत नाही. चाल, पण झेपेल तेवढंच.

रिक्षात बसल्यावर बाबांनी माझी फाइल मांडीवर घेतली. मग म्हणाले, "एवढं होत होतं, तर रोज फिरायला का येत होतीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावणार.

"अगं, माझे गुडघे गेलेत दोन महिन्यांपासून," ते म्हणाले. "पण म्हटलं, मी घरी बसलो तर तुला वाटेल, बाबांनी आशा सोडली."

घर आलं. वर जायला दोन जिने होते. आम्ही खालच्या बाकावर बसलो, आणि उठायचं नाव दोघांनीही काढलं नाही.