चाळीस पिशव्यांना हळद लागली

पाहुण्यांचा दौरा तिसऱ्यांदा पुढे गेला, त्या दिवशी आमच्या पिशव्या बावीस दिवसांच्या झाल्या होत्या. बावीस दिवसांची पिशवी म्हणजे उतू जायला आलेलं दूध.

पिशवीत काय होतं ते आधी लिहिते. कुरुंद्याच्या रस्त्याला आमची शेड आहे. तिथं सोयाबीनचं भुसकट आणि तुराट्यांची कुट्टी यांच्यापासून गॅस करतात. कुट्टी तशीच टाकीत टाकली तर महिनाभर तरंगत राहते. काडीच्या आत गोडवा असतो, पण त्याला टणक कवच असतं. साहेब त्याला लिग्निन म्हणतात. ते कवच फोडायला आम्ही बुरशी लावतो. ज्वारीच्या दाण्यावर वाढवलेली ही पांढरी बुरशी, तिला स्पॉन म्हणतात. उकडून निववलेल्या कुट्टीत विरजणासारखी ती मिसळायची, पिशवीचं तोंड बांधायचं आणि सावलीत ठेवायचं. वीस दिवसांत पिशवी कापसासारखी पांढरी होते. मग उघडून टाकीत सोडायची.

सगळी गोम त्या वीस दिवसांत आहे. बुरशी आधी कवच खाते. ते संपलं की आतला गोडवा खायला लागते. तो आपल्या गॅसचा असतो. म्हणून तिला भरल्या पानावरून उठवावं लागतं. हे काम माझं होतं. मी पिशवीवरून आतली काडी दाबून बघते. ओल्या पापडासारखी दुमडली की झाली तयार.

विसाव्या दिवशी काडी दुमडली. पण पिशवी उघडता येईना. कारण पिशवीला रिबन होती.

पुण्याच्या हेड ऑफिसनं ठरवलं होतं की मोठे पाहुणे येऊन रिबन कापतील, ती कुट्टी त्यांच्यासमोर टाकीत जाईल आणि आठ दिवसांनी पेटणाऱ्या शेगडीवर पत्रकारांना चहा मिळेल. पाहुणे कोणती पिशवी निवडतील हे सांगता येत नाही. म्हणून कदम साहेबांनी चाळीसच्या चाळीस पिशव्यांना गुलाबी रिबन बांधायला लावली. कदम साहेब आमचे मॅनेजर. माणूस साधा, पण हेड ऑफिसचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलतात.

"चंद्रकलाबाई, रिबनला हात लावायचा नाही," त्यांनी मला बजावलं.

मी "हो" म्हणाले. दोन वर्षांत त्यांच्याशी मी एवढंच बोलले होते.

बाविसाव्या दिवशी त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून आम्हा आठही बायांना ऐकू आलं.

"पाहुणे पुढच्या सोमवारी येतील. तोवर प्रोसेस होल्डवर ठेवा," पलीकडून आवाज आला.

"सर, ती बुरशी आहे. जिवंत आहे, सर."

"मग तिला काय हवं ते द्या, पण थांबवा. आणि कदम, शेगडी पेटली नाही तर शेड बंद. मग मला फोन करू नका."

फोन बंद झाल्यावर नंदा, माझी धाकटी जाऊ, हळूच म्हणाली, "जाऊबाई, म्हंजे आपण परत हळद काढायला का?"

या दिवसांत आमच्याकडे हळदीची काढणी असते. दिवसभर उन्हात ओणवं राहायचं. माझ्या कमरेनं ते वीस वर्षं केलं होतं. सावलीतलं, वर्षभराचं काम आठ जणींना या शेडनं पहिल्यांदाच दिलं होतं.

कदम साहेबांनी डोकं चालवलं. थंडीत सगळंच सुस्त होतं, बुरशीही होईल. त्यांनी दोन मोठे कूलर आणून लावले. खिडक्यांना ओली पोती बांधली. शेडमध्ये असा गारवा झाला की बाया जेवणाची सुट्टी वाढवायला लागल्या.

बुरशीलाही बरं वाटलं. गार आणि ओलसर हवा म्हणजे तिला पावसाळा. पावसाळ्यात बुरशीला फूल येतं. तेच अळिंबी, लोक खातात ती. चोविसाव्या दिवशी एका पिशवीच्या तोंडाशी, रिबनच्या खाली, मला मोहरीएवढे दाणे दिसले. फूल आलं म्हणजे ती आपला गोडवा ताटासकट खायला निघाली.

मी साहेबांना नुसतं बोटानं दाखवलं.

"हे काय आहे? चांगलं आहे ना?"

मी मान हलवली.

"म्हणजे चांगलं नाही?"

"साहेब," नंदा म्हणाली, "ती बाळंत होऊन राहिली."

कदम साहेब उपड्या बादलीवर बसले. "उघडून टाकू का? पण रिबन... फोटो..." असं ते स्वतःशीच बोलत राहिले. सात बाया माझ्याकडे बघत होत्या. पिशव्या माझ्या होत्या.

"शिजवू," मी म्हणाले.

"काय?"

"शिजवली की मरती. बांधलेलीच शिजवू. रिबनसकट. रशीदभाईच्या कुकरात."

एका दमात मी इतकं बोलले की माझ्याच तोंडाला कोरड पडली. आमचं पिंप लहान. त्यात सुटी कुट्टी उकडते, पिशवी मावत नाही. पण गावातल्या रशीदभाईकडे ट्रॅक्टरला जोडलेला हळद शिजवायचा कुकर आहे. चार मोठे ड्रम, मध्ये वाफेची टाकी. ओली हळद अशी शिजवूनच वाळवतात, नाहीतर ती सडते. आणि या पिशव्यांचं प्लास्टिक वाफ सोसतं.

रशीदभाई दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशव्या बघून हसायलाच लागले.

"चंद्रकलाताई, आजवर हळद शिजवली. ह्या तर नवऱ्या दिसून राहिल्या. सजवून शिजवायची काहून?"

"साहेबांचा हुकूम हाय," नंदा म्हणाली.

"हुकूम तर हुकूम. पण बाई, ड्रम धुतलेले न्हाईत. परवाच हळद उतरवली."

"वाफच तर द्यायची," मी म्हणाले. घाई होती.

दुपारपर्यंत चाळीस पिशव्या शिजल्या. बाहेर काढल्या तेव्हा बुरशी मेली होती, काडी जशी हवी तशी होती, आणि सगळं पिवळंधमक झालं होतं. पिशव्या पिवळ्या, गाठी पिवळ्या. गुलाबी रिबनींचा रंग पिकल्या पपईसारखा झाला होता.

कदम साहेबांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "अहो, रिबन गुलाबी होती!"

"हळद लागली साहेब," नंदा म्हणाली. "आता नवरदेव कवा येतो ते बघा."

नवरदेव सोमवारीही आले नाहीत. गुरुवारी आले. पण आता आम्हाला घाई नव्हती. शिजलेली, तोंड बांधलेली पिशवी थांबू शकते.

पाहुण्यांनी पिशवीला हात लावला. बोट पिवळं झालं. त्यांनी ते हुंगलं.

"हळद?"

कदम साहेबांचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. मग पाहुण्यांनीच माइक घेतला आणि म्हणाले, "आपल्या हिंगोलीच्या हळदीनं जगाला औषध दिलं. आज ती जगाला इंधन देत आहे!" टाळ्या पडल्या. रिबन कापली गेली. बुरशीचं नाव कुणी घेतलं नाही.

आठ दिवसांनी शेगडी पेटली. निळी ज्योत, हलली नाही. चहा मी केला. पत्रकार आले नाहीत, म्हणून तो आम्हीच प्यायलो.

शेड चालू राहिली. महिन्याभरानं हेड ऑफिसनं नवीन छापील कागद पाठवला. पाहुण्यांसमोरचा लॉट उत्तम झाला, म्हणून आता प्रत्येक लॉट तसाच करायचा. पिशव्या हळदीच्या ड्रममध्येच शिजवायच्या. त्यात एक रकाना आहे: 'पिवळेपणा: योग्य / अयोग्य'. रिबन कुठल्या रंगाची बांधायची तेही लिहिलं आहे, पपईच्या.

कदम साहेबांनी फोनवर सांगून बघितलं की वाफेनं काम होतं, हळदीनं नाही. पलीकडून विचारलं, "कदम, शेगडी पेटली की नाही?"

"पेटली, सर."

"मग?"

आता हळदीचा हंगाम संपला आहे. रशीदभाईंचे ड्रम धुऊन लख्ख झाले आहेत. मी घरून डब्यात मूठभर हळद नेते, पिशव्यांना बाहेरून चोळते आणि 'योग्य'वर खूण करते. माझ्या नोकरीत तेवढं एकच काम विनाकारण आहे, आणि तपासायला आलेला माणूस तेवढंच तपासून जातो.