निळसर डोळ्यांची माणसं

धायरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी ती बाई बोलायची कमी आणि चालायची जपून. जिन्यात कुणी धावत आलं की लहान मुलीला भिंतीकडे घेऊन स्वतः पुढे उभी राहायची. त्या मुलीचा हात पुन्हा प्लॅस्टरमध्ये गेला, तेव्हा सोसायटीत कुजबूज सुरू झाली की आईच मारते.

मीटिंगमध्ये अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, खरं सांगा, मुलीवर हात उचलता का?"

माझं डोकं सणकलं. मी बोलायला उठले, तर तिने मला खुणेनेच थांबवलं. मुलीला कडेवर घेऊन ती अध्यक्षांच्या अगदी समोर गेली.

"नीट बघा. हिच्या डोळ्यांतला पांढरा भाग निळसर आहे, माझाही तसाच आहे. आमची हाडं जन्मापासून ठिसूळ. मला हे वडिलांकडून आलं, हिला माझ्याकडून. ती मोडायला मारायची गरजच पडत नाही."

"आम्ही आपलं काळजीपोटी विचारलं," अध्यक्ष पुटपुटले.

"काळजी होती, तर घरी येऊन विचारायचं होतंत."

मी तिच्याबरोबर वर गेले. दाराशी तिला पहिल्यांदा रडू फुटलं. "मारत असते तर बरं झालं असतं हो. मारणं थांबवता तरी येतं."

खाली तोवर पार्किंगचा विषय निघाला होता आणि कुणीतरी मोठ्याने हसत होतं. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.