नागपंचमीला दिलेली कात्री

बाळांनो,

गेल्या रविवारी धाकटीने फोनवर विचारलं, "आजी, साप म्हणजे सैतान ना? आमच्या टीचरनी सांगितलं." मी तोंड उघडायच्या आत तिच्या आईने फोन काढून घेतला. उत्तर राहून गेलं ते आता लिहून पाठवते. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगते.

मी साताऱ्याला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकत होते आणि तिथल्याच बोर्डिंगात राहत होते. आमच्या उंब्रजच्या घरातून शाळेसाठी बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. ती लढाईची वर्षं. मोठा भाऊ पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेला होता. जाताना त्याने वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं की मॅट्रिक होईपर्यंत मला काढायचं नाही. चुलते टपून बसले होते. शाळेचं एक तक्रारीचं पत्र आलं असतं की मला घरी आणून उजवून टाकलं असतं.

बायबलचा तास ज्या बाई घेत त्या आमच्याच मुलखातल्या. त्यांच्या वडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता. शिकवायच्या उत्तम. पण मी त्यांना आवडत नसे, आणि त्या मला. त्या पावसाळ्यात भिंतीवर लावायला रंगीत कागदाचे प्राणी करायचे होते. कोकरू म्हणजे मुकाट्याने बळी जाणारा येशू. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा. शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं देवाच्या उजवीकडे, ती तरली. शेळ्या डावीकडे, त्यांचा नाश. माझं आजोळ वडूजकडचं. तिकडचे धनगर मेंढरांच्या पुढे मुद्दाम शेळी ठेवतात, कारण एक मेंढरू खड्ड्यात पडलं की मागची सगळी पडतात. हे मी बोलले नाही. पत्राची भीती होती.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई मला न्यायला आली. बाईंनी रजा दिली नाही.

"आवं बाई, मग येवढं तरी करा," आई म्हणाली. "उद्या पोरीच्या हातात कात्री, सुरी काय दिऊ नगा. भावाचा उपास हाय तिचा. त्यो लढाईवर हाय."

आमच्याकडे त्या दिवशी काही चिरत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही. भाजी हाताने मोडायची, पुरणाची दिंडं उकडायची.

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"तहान न्हाई," आई म्हणाली आणि पदर आवरून मागे सरली. फाटकाबाहेर नळ होता. तिथे ती ओंजळीने घटाघटा पाणी प्यायली. बाई खिडकीतून बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद वाटले. मला हिरवा कागद आणि कात्री.

"तू साप काप. साप म्हणजे सैतान, भिंतीवरच्या चित्रातल्या स्त्रीच्या टाचेखाली चिकटवायचा आहे. डोकं ठेचलेलं दिसलं पाहिजे."

नाही म्हणावं तर पत्र. कापावं तर भावाच्या जिवाला धोका. मग आई घेवडा मोडते तसं केलं. कागदाला घडी घातली, थुंकीने ओली केली आणि नखाने फाडत गेले. साप निघाला, पण कडा कुरतडल्यासारख्या.

"ही चेष्टा आहे," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत कात्रीने कापलेला दुसरा आण. नाहीतर घरी पत्र जाईल."

मी दुसरा कापला नाही. त्यांचंच पुस्तक घेऊन बसले आणि प्राणी शोधू लागले. आधी सिंह सापडला. एके ठिकाणी सिंह म्हणजे स्वतः प्रभू, दुसरीकडे भक्ष्य शोधत हिंडणारा सैतान. मग सापाचं का नसेल? तेही निघालं. रानात साप चावून माणसं मरू लागली, तेव्हा देवानेच पितळेचा साप खांबावर चढवायला सांगितला. ज्यांनी त्याच्याकडे बघितलं ते जगले. आणि फार पुढे येशू सांगतो, मलाही तसंच उंच चढवतील.

शनिवारी मी तपकिरी कागदाचा खांब फाडला आणि तोच फाटका साप त्यावर चिकटवून नेला.

"हे काय?"

"रानातला पितळेचा साप, बाई."

"कुणी शिकवलं?"

"तुमच्या पुस्तकाने."

बाईंनी सापाच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पुस्तक माझं चालतं. पाणी का चालत नाही गं?"

 पत्र गेलं नाही. साप खांबासकट भिंतीवर लागला. सोमवारी मला डावीकडच्या शेवटच्या बाकावर बसवलं, आणि मॅट्रिकपर्यंत मी तिथेच राहिले. डावीकडच्या मुलींना बाई शेळ्यांत धरत, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. तासाबाहेर त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही त्यांच्या माठातलं पाणी कधी प्यायले नाही. पुढे तर निव्वळ हट्टाने. नागपंचमीला हातात दिलेली ती कात्री मी त्यांना माफ केलेली नाही. त्यांनी आम्हाला तो पेला माफ केला असेल, असंही मला वाटत नाही.

भाऊ परत आला. आई म्हणाली, नागोबाने राखला. तो म्हणाला, नशीब.

तेव्हा धाकटे, टीचरना सांग, साप म्हणजे सैतान हे खरं, पण पुढची पानंही उघडा.

शेवटच्या वर्षी भिंत रंगवताना बाईंनी साप काढून माझ्या बाकावर टाकला. खांब तेव्हाच फाटला. साप माझ्या इंग्रजी शब्दकोशात आहे. शेपूट तुटलं आहे, डोकं शाबूत आहे.