रिकाम्या गोण्या आणि कुरडया

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटलं. वही कुणाच्या हाती लागली तर माफी असावी.

मी सिन्नरला एका रंगाच्या कारखान्यात झाडलोट करते. तिथे रंगात मिसळायला एक पांढरी पावडर येते. तिला नॅनो म्हणतात. पीठ तिच्यापुढे खडी वाटेल. गोणी फोडणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख असतो. तीच गोणी रिकामी झाली की स्टोअरचे साहेब आम्हा बायांना वीस रुपयांना विकायचे. आम्ही ती दारात झटकायचो, उसवायचो आणि तिच्यावर कुरडया वाळत घालायचो.

मग शहरातल्या गंगापूर रोडच्या ऑफिसातून एक मॅडम माणसं घेऊन तपासायला आल्या. रंग तयार होण्यापासून फेकला जाईपर्यंत कुणाला धोका आहे का, हे बघायचं होतं. भिंतीवर गोल बाणांचं चित्र लावलं. रिकाम्या गोणीपुढे लिहिलं होतं, ‘नष्ट’.

"लगेच पाठवतो मॅडम, एक ठेवत नाही," साहेब म्हणाले. एक ठेवत नव्हते हे खरंच होतं.

मी कोपऱ्यात फरशी पुसत होते. मॅडमनी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला काही सांगायचंय?"

असं मला लग्न ठरवतानाही कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडं पाच हायेत. कुरडया घालते."

चित्रात कुरडयांना जागा नव्हती. मॅडमनी समासात एक बाण काढला. म्हणाल्या, "ओल्या रंगात ही पावडर उडत नाही. कोरडी गोणी झटकली की श्वासात जाते. अपाय किती, ते अजून पुरतं कळलेलं नाही, म्हणून तर जपायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले दोघं जण हातमोजे घालून आम्हा बायांच्या घरोघर फिरले. एकतीस गोण्या नेल्या, कुरडयाही नेल्या.

"इतकी वर्षं मुकी, अन् बोलली ती आमच्याच मुळावर!" बायांमधली एक म्हणाली.

"आता हिलाच वाळत घाला," दुसरी म्हणाली.

संध्याकाळच्या जीपमध्ये माझी जागा कुणी धरेना. दहा वर्षं धरलेली जागा. चार दिवस मी मागच्या दांडीला लटकून घरी आले. पाचव्या दिवशी स्टोअरच्या दारात उभी राहिले.

"साहेब, बायांचे गोण्यांचे पैसे."

"विकलेला माल परत होत नाही, बाई."

खाली बघूनच म्हटलं, "कागदावर तर तो नष्ट झालाय. नष्ट झालेला माल विकला कसा, ते मॅडमना विचारू का?"

"अगं, त्यांना कशाला तसदी!" साहेबांनी लगेच खिशात हात घातला.

जीपमध्ये एकीने पिशवी उचलून जागा केली. मी बसले, आणि जिच्या जितक्या गोण्या तितके वीस तिच्या हातावर ठेवले. शेवटचे शंभर माझे होते. एकतीस गोण्यांचे सहाशे वीसच्या सहाशे वीस फिटले.