दिवेलागणीला घालवलेला अंधार

माझी नात मुक्ता कॉलेजसाठी पाच मिनिटांचा सिनेमा करत होती. तो उद्याच द्यायचा होता. खिडकीच्या पट्ट्यांमधून उतरतं ऊन तिच्या मैत्रिणीच्या तोंडावर काळ्या रेघा ओढत होतं. मी खोलीत आले आणि सवयीनं ट्यूबलाइट लावली. रेघा गेल्या.

“आज्जी! माझा शॉट!”

“तिन्हीसांजेला अंधारात बसतात का?”

तेवढ्यात ऊनही बुडालं. मुक्ता रडकुंडीला आली. मी विचारलं, “पण चांगलं तोंड अर्धं काळं कशाला करायचं?”

ती म्हणाली, जर्मनीतून जीव वाचवून पळालेल्या काही लोकांनी हा अंधार अमेरिकेतल्या सिनेमात नेला. त्याला काळा सिनेमा हे नाव फ्रेंचांनी दिलं. त्यात खून असतो, फसवणूक असते आणि धड चांगलं कुणीच नसतं. म्हणून तोंडं अर्धीच दाखवतात.

मला नवल वाटलं. माझं लग्न झालं तेव्हा आमच्या खोलीत एकच बल्ब होता. नवऱ्याला काही लपवायचं असलं की तो उजेडाकडे पाठ करून जेवायचा. मीही तेच करायचे. हे आम्हाला शिकवायला जर्मनीहून कुणाला यावं लागलं नाही.

मी ट्यूब बंद केली, बॅटरी घेऊन गॅलरीत गेले आणि पट्ट्यांवर उजेड धरला.

“आज्जी, देवापुढचा दिवा राहिलाय.”

“देव थांबेल. तू उरक.”

आत रेघा परत उमटल्या, आणि इतका वेळ खिदळणारी ती मैत्रीण एकदम काहीतरी करून आलेली बाई दिसू लागली.