साडभाऊंचा ड्रायव्हर

आमच्या साडभाऊंइतका चालत्या गोष्टीवर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. बंद पडलेल्या वस्तूपुढे ते निवांत असतात. तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पण पंखा बिनआवाज फिरत असला की त्यांचा जीव वरखाली होतो. "बंद पडाले आधी चालू असाच लागते नं, भाऊ!" हे त्यांचं तत्त्वज्ञान. वीज खात्यात सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून उभी नोकरी केली ती फ्यूज उडण्याची वाट पाहण्यात, आणि निवृत्त होऊन मंगरूळपीरला घर बांधलं तरी ते वाट पाहणं सुटलं नाही. एकदा आम्ही मेडशीला लग्नाला निघालो होतो. एसटी छान पळत होती. हे उठून ड्रायव्हरच्या पाठीमागे जाऊन बसले, कान लावला आणि म्हणाले, "आवाज येऊन राह्यला." त्या बिचाऱ्यानं किन्हीराजाच्या थांब्यावर इंजिन बंद करून पाहिलं. काहीही नव्हतं. फक्त त्यानंतर ते सुरू झालं नाही. लग्नाच्या कपड्यांत आम्ही सगळ्यांनी एसटी ढकलली, आणि साडभाऊ मागून मोठ्या समाधानानं विचारत होते, "म्या म्हटलं नव्हतं?"

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे माई म्हणतो. माईंना वाचनाचं वेड; भज्यांच्या पुड्याचा कागदसुद्धा सरळ करून वाचायच्या. अशा बाईच्या डोळ्यांचे पडदे साखरेनं खाल्ले. अकोल्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण फार आशा दाखवली नाही. तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात विंडोज होतंच. ते साडभाऊंच्या पेन्शनच्या कामांसाठी. त्याच्या शेजारी तिनं माईंसाठी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम घालून दिली. कॉम्प्युटर सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं. माईंच्या भागात काळ्या पडद्यावर पिवळी, तळहाताएवढी अक्षरं उमटायची. माई नाक लावून एकेक शब्द वाचायच्या. इंटरनेटवरच्या रविवारच्या पुरवणीतली एक गोष्ट त्यांना चार दिवस पुरायची. जाताना लेक बजावून गेली, "बाबा, आईच्या सिस्टीमला हात लावू नका. चांगली चालू आहे."

"चांगली चालू आहे" हे शब्द साडभाऊंसमोर उच्चारायला नको होते.

एके दिवशी विंडोजनं सांगितलं, ग्राफिक्सचा, म्हणजे पडद्यावरचं चित्र चालवणारा, नवा ड्रायव्हर आला आहे. साडभाऊंनी तो टाकला. तो टाकण्याआधी सबस्टेशनच्या शिस्तीनं घरातला फ्रिज, कूलर, पंखे सगळं बंद केलं, म्हणजे व्होल्टेज पडायला नको, आणि पायात रबरी चप्पल घातली. मे महिन्यातली मंगरूळपीरची दुपार. माई घामानं निथळत बसलेल्या. काम फत्ते झालं. मग त्यांच्या मनात आलं, पडद्याचं कार्ड एकच असलं तरी दोन्ही सिस्टीमचे ड्रायव्हर वेगवेगळे. मग तिकडचा जुनाच राहिला की! "एकाले जेवू घाला अन् दुसऱ्याले उपाशी ठेवा, हे काय बरं दिसते?" असं म्हणून इंटरनेटवरून स्वतः शोधलेला ड्रायव्हर त्यांनी माईंच्या सिस्टीममध्ये घातला, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला.

पडदा काळा. कोपऱ्यात एक बारकी रेघ तेवढी लुकलुकत होती.

मी वाशीमहून गेलो तेव्हा साडभाऊ त्या रेघेकडे टक लावून बसले होते. माई म्हणाल्या, "ड्रायव्हर बदलला का गाडी बंद पडते का वो? अन् चालू होतं तं कायले हात लावला?" विंडोज व्यवस्थित चालत होतं, पण तिथली अक्षरं मोठी करायला गेलं की माईंच्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा उजेड होई. "पोरीले फोन लावा," मी म्हटलं. "नोका," ते म्हणाले, "म्याच बिघडवलं, म्याच करतो." आणि ते करत राहिले. पावसाळा लागला, शिवारात सोयाबीन गुडघ्याला आलं, तरी काळा पडदा हलला नाही. या माणसाला बंद पडलेल्या वस्तूपुढे इतकं अस्वस्थ मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी माईंनीच लेकीला फोन लावला. मी त्या दिवशी तिथंच होतो. लेक चिडली नाही. तिनं सुरुवातीच्या यादीतून सिस्टीमची जुनी आवृत्ती निवडायला लावली, मग एकेक अक्षर सांगत वडिलांकडून नवा ड्रायव्हर काढवला आणि पहिला परत बसवला. पडद्यावर पिवळी अक्षरं आली. साडभाऊ ओरडले, "आलं! माई, आलं वं!"

माई खुर्चीवर येऊन बसल्या. नाक पडद्याला टेकवलं.

"दिसून राह्यलं का?" साडभाऊंनी विचारलं.

"हो. मस्त दिसून राह्यलं."

"वाच बरं."

माई वाचू लागल्या, "यंदा पाऊस चांगला हाय. शेतकरी खुशीत हाय."

मी आणि साडभाऊ त्यांच्या मागेच उभे होतो. पडद्यावर कुठल्याशा पुलाच्या कामाची बातमी होती. मी साडभाऊंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर. असंच लिवलं हाय."

माईंना दिसण्याचे जे थोडे दिवस उरले होते, ते काळ्या पडद्यापुढे गेले होते. दोघांनाही ते ठाऊक होतं. मी तरी त्यावर त्यांना बोलताना कधी ऐकलं नाही.

आता साडभाऊ माईंना वाचून दाखवतात. वाचन अगदीच वाईट. मीटरचं रीडिंग सांगावं तसं. मागच्या रविवारी गेलो तेव्हा पुरवणीतली गोष्ट चालू होती. एक बाई भांडून घर सोडते, तिचा नवरा रोज स्टँडवर जाऊन बसतो. ती गोष्ट मी सकाळीच वाशीमला वाचली होती. ती बाई काही परत येत नाही. पण साडभाऊ शेवटाशी आले, जरा थांबले, घसा खाकरला, आणि त्यांच्या तोंडून ती संध्याकाळच्या एसटीनं परत आली.

"आली का?" माईंनी विचारलं.

"आली नं."

"बरं झालं," माई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला भिंतीच्या आधारानं आत गेल्या.